दहा मिलिसेकंदांचा समुद्र



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्यांनी या गावातल्या दोन पिढ्यांना पदार्थविज्ञान शिकवलं. फळ्यावरचं समीकरण प्रयोगशाळेच्या टेबलावर उतरेपर्यंत त्यांच्या लेखी धडा संपत नसे. त्यांच्या नावाने बोलायचं, तर विषयही तसाच हवा होता. म्हणून आज मी पाण्याखालच्या आवाजाची संगणकाने केलेली नक्कल हा विषय घेतला आहे. ही नक्कल सावकाश, रात्रभर गणित चालवून करायची नसते. ती घड्याळाबरोबर चालावी लागते.

म्हणजे काय ते आधी सांगतो. सोनार म्हणजे आवाजाने पाण्याखालच्या वस्तू शोधणारं यंत्र. त्याचं प्रशिक्षण घेणारा एक नौसैनिक अंधाऱ्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसला आहे. समोर पडदा आहे. खोली जमिनीवर आहे, पण त्याला ऐकू यायला हवा तो समुद्र, आणि त्या समुद्रात कुठेतरी लपलेली पाणबुडी. शेजारच्या खोलीतून कुणी ‘जहाज उजवीकडे वळवा’ म्हटलं, की त्याच क्षणी कानातला आवाज बदलायला हवा. एक सेकंदाचा आवाज तयार करायला संगणकाला सव्वा सेकंद लागला, तर सगळं कोसळलं. बरोबर उत्तर उशिरा आलं, तर इथे ते चूकच धरलं जातं.

संगणक आता वेगवान झाले आहेत. तरीही हे काम अवघड राहिलं आहे, कारण समुद्रातलं सगळंच कधी मोजून होत नाही. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवायला आपापल्या समुद्राची मोजमापं हाताशी लागतात. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी जरा तपशिलात जाऊन मांडणार आहे.

पाण्याखाली आवाजच का, हा पहिला प्रश्न. स्वच्छातल्या स्वच्छ समुद्रातही दोनशे मीटरच्या खाली सूर्यप्रकाश नावापुरता उरतो. पावसाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावर तर हातभर खालचं दिसत नाही. रेडिओलहरी खारं पाणी गिळून टाकतं. उरतो तो आवाज. १८२६ साली कोलाडाँ आणि स्टुर्म या दोघांनी जिनिव्हाच्या सरोवरात एका होडीतून पाण्याखाली घंटा वाजवली आणि त्याच क्षणी वर दारूचा भडका उडवला. तेरा किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या दुसऱ्या होडीत पाण्यात बुडवलेल्या कर्ण्याला कान लावून त्यांनी वेळ मोजली. आठ अंश सेल्सियसच्या पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला १४३५ मीटर भरला. आजची उपकरणं जो आकडा देतात, त्याच्या तो अगदी जवळ आहे. हवेतल्या वेगाच्या हा चौपटीहून जास्त. अंतराचं म्हणाल, तर १९६० च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळ समुद्रात केलेल्या स्फोटांचा आवाज सुमारे पावणेचार तासांनी अटलांटिकमधल्या बर्म्युडाजवळ ऐकू आला होता. जवळजवळ अर्ध्या पृथ्वीचा प्रवास.

पण हाच आवाज कधी दोन किलोमीटरवरही पोचत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकी नौदलाला एक कोडं पडलं होतं. सकाळी सोनार उत्तम चाले आणि दुपारी तोच सोनार, तोच माणूस, तीच पाणबुडी असूनही काही ऐकू येत नसे. जेवणानंतर माणसं सुस्तावतात, असाही संशय काहींनी घेतला. खरं कारण उन्हात होतं. दुपारपर्यंत वरचं पाणी थोडं तापे आणि आवाजाची वाट खाली वाकायला लागे. ॲथेलस्टन स्पिलहाउस यांनी त्या दशकाच्या अखेरीस बॅथीथर्मोग्राफ तयार केला. जहाज चालतं असतानाच खोलीप्रमाणे तापमान कसं उतरतं, हे तो काचेच्या पट्टीवर कोरून दाखवी. त्यानंतर हे कोडं सुटलं.

वेगाचा हिशेब असा आहे. आपल्याकडच्या कोमट पाण्यात तापमान एक अंशाने उतरलं, की आवाजाचा वेग सेकंदाला दोन-अडीच मीटरने कमी होतो. थंड पाण्यात तोच फरक चार मीटरच्या आसपास जातो. खोली शंभर मीटरने वाढली, की दाबामुळे वेग दीड-पावणेदोन मीटरने वाढतो. पंधराशेच्या वेगात हे फरक किरकोळ वाटतात. मात्र आवाज नेहमी कमी वेगाच्या बाजूला वाकतो आणि या किरकोळ फरकांनी त्याची वाट ठरते. एप्रिल-मे महिन्यात अरबी समुद्राचा पृष्ठभाग तापलेला असतो. पृष्ठभागापासून साठ मीटर खोलीपर्यंत तापमान तीन-साडेतीन अंशांनी सरळ उतरत गेलं असं धरा. पाच मीटर खोलीवर बसवलेल्या सोनारमधून निघालेला आवाजाचा किरण सुमारे चौदा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात खाली वळतो. त्यावरून भूमिती मांडली, तर साठ मीटर खोलीवरची पाणबुडी साधारण पावणेदोन किलोमीटरच्या पलीकडे गेली की सावलीत जाते. तिच्यापर्यंत सरळ किरण पोचतच नाही. जुलैमध्ये मोसमी वारे खुल्या अरबी समुद्राचं वरचं पाणी साठ-सत्तर मीटर किंवा त्याहूनही खोलवर घुसळून एकजीव करतात. मग तीच सावली वेगळ्या जागी पडते. समुद्र तोच, जहाज तेच, आणि दोन महिन्यांत ऐकण्याचा सगळा हिशेब पालटलेला.

हे केवळ कुतूहलाचं प्रकरण नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आपली आयएनएस खुकरी पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. खुकरी मुंबईहून निघाली होती. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपल्या जहाजाबरोबर गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक परत आले नाहीत. पाणबुडीला आपली जहाजं ऐकू येत होती, आपल्या जहाजांना ती वेळेत सापडली नाही. मुंबईत वाढलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही त्या वर्षीचा ब्लॅकआउट आठवत असेल. त्या काळोखाबाहेर, समुद्रात काय घडलं होतं, ते पुढे कळलं.

त्या घटनेनंतर नौदलातले तरुण अभियंते आरोग्यस्वामी पॉलराज सोनार सुधारण्याच्या कामाला लागले. त्यांच्या नेतृत्वाखाली कोचीच्या एनपीओएल या नौदल-संशोधन प्रयोगशाळेत ‘अप्सो’ हा भारतीय बनावटीचा सोनार तयार झाला आणि १९८० च्या दशकात तो आपल्या युद्धनौकांवर बसला. हेच पॉलराज पुढे स्टॅनफर्डला गेले. अनेक अँटेना वापरून एकाच वेळी अनेक सिग्नल पाठवण्याचं जे तंत्र आज आपल्या प्रत्येक मोबाइलमध्ये आहे, त्याच्या पायाभरणीत त्यांचा मोठा वाटा आहे. अनेक वाटांनी येणाऱ्या लहरींचा विचार त्यांनी समुद्रात आधी केला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता सराव जमिनीवर का द्यायचा? पाणबुडी, जहाज, इंधन, माणसं आणि हवामान यांचा मेळ रोज बसत नाही. बसला तरी त्या दिवशी जो समुद्र मिळेल तेवढाच शिकायला मिळतो. दुसऱ्या महायुद्धातही ब्रिटिश आणि अमेरिकी नौसैनिकांना ‘अटॅक टीचर’ नावाच्या उपकरणांवर सराव देत. आज त्याची जागा संगणकाने घेतली आहे. नवा सोनार बांधतानाही, तो पाण्यात उतरवण्याआधी त्याच्या तारांना असा नकली समुद्र जोडून त्याची परीक्षा घेता येते.

नकलेची सुरुवात आवाज करणाऱ्यापासून होते. जहाजाचा पंखा घेऊ. मिनिटाला १२० फेरे म्हणजे सेकंदाला दोन. पाती पाच असतील, तर सेकंदाला दहा ठोके पडतात. पात्याच्या पाठीवर दाब इतका घसरतो, की पाणी तिथल्या तिथे उकळल्यासारखं होऊन बुडबुडे धरतात आणि लगेच फुटतात. त्यांचा एक सततचा फुसफुसाट असतो. पातं वरच्या बाजूला आलं, की तिथे पाण्याचा दाब कमी आणि जहाजाच्या बुडामागचं पाणी अस्ताव्यस्त, त्यामुळे फुसफुसाट क्षणभर वाढतो. संगणकात आपण यादृच्छिक आकड्यांचा गोंगाट घेतो, तो फिल्टरमधून काढतो आणि सेकंदाला दहा वेळा वरखाली करतो. इतकं केलं की पंखा ऐकू येतो, पण तो कारखान्यातून आजच निघाल्यासारखा वाटतो. खऱ्या पंख्याची पाची पाती सारखी नसतात. एखाद्या पात्याला खोक पडलेली असते, त्यामुळे दर पाचवा ठोका निराळा येतो. जाणकार कान त्यावरूनच फेरे मोजतो आणि पात्यांची संख्या सांगतो. ही विषमता नकलेत घातली नाही, तर विद्यार्थ्याने शिकावं अशी मुख्य गोष्टच आवाजातून निघून जाते.

हा आवाज वाटेला लागला, की खरी गंमत सुरू होते. एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. पाणी शंभर मीटर खोल. पाणबुडी साठ मीटरवर, आपला हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन, पाच मीटरवर, मधलं आडवं अंतर दीड किलोमीटर. वेग सगळीकडे पंधराशे धरू, म्हणजे वाटा सरळ राहतील. थेट वाट १५०१.० मीटरची. पृष्ठभागावर आपटून येणारी वाट १५०१.४ मीटरची. तळावर आपटून येणारी १५०६ मीटरची. पहिल्या दोन वाटांत फरक फक्त चाळीस सेंटिमीटरचा, दोन्ही एका सेकंदाच्या प्रवासानंतर जवळजवळ एकत्रच येतात. पण पृष्ठभागावरून परतताना लहर उलटी होते, दाबाच्या जागी विरळपणा येतो. ३७५० हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी नेमकी चाळीस सेंटिमीटर आहे. म्हणजे एक लहर पूर्ण एका तरंगाने मागे आणि वर उलटी. दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. १८७५ हर्ट्‌झला फरक अर्ध्या तरंगाचा, त्यात उलटेपणाचा अर्धा, म्हणून दोन्ही एकमेकींना बळ देतात. एकाच पाणबुडीचा एक स्वर जवळजवळ नाहीसा आणि दुसरा दुप्पट. जहाज पुढे सरकलं, की हे नाहीसे होणारे स्वर हळूहळू जागा बदलतात आणि ऑपरेटरच्या पडद्यावर कमानीसारखे पट्टे उमटतात. त्या पट्ट्यांच्या वळणावरून अंतराचा अंदाज बांधता येतो.

आता एक मीटरची लाट आली. पृष्ठभागावरची वाट किती लांबली? किरण अगदी चपट्या कोनात आपटतो, त्यामुळे फरक जेमतेम नऊ सेंटिमीटरचा पडतो. मात्र चाळीस सेंटिमीटरच्या तरंगात नऊ सेंटिमीटर म्हणजे जवळपास पाव तरंग. पुसला गेलेला स्वर पुन्हा जागा होतो, लाट ओसरली की परत जातो. खरा समुद्र ऐकताना स्वर असे श्वास घेतल्यासारखे येतात-जातात. नकलेत लाट घातली नाही, तर स्वर एकतर कायमचा गप्प किंवा कायमचा चालू राहतो, आणि कानाला ते लगेच खोटं वाटतं.

इथे घड्याळ आडवं येतं. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले, तर साधारणपणे ४८० नमुन्यांचा एक तुकडा करून काम चालतं. एक तुकडा म्हणजे दहा मिलिसेकंद. तुकडा बाहेर जात असतानाच पुढचा तयार व्हायला हवा, सोनारच्या सगळ्या हायड्रोफोनांसाठी, सगळ्या जहाजांसाठी, सगळ्या वाटांसाठी.

गणित किती, ते पाहू. तुमच्यापैकी बहुतेकांनी विजापूरचा गोलघुमट पाहिला असेल. तिथे एकदाच टाळी वाजवून तिचे सगळे प्रतिध्वनी रेकॉर्ड केले, की कुणाचंही गाणं घरच्या घरी गोलघुमटात गायल्यासारखं करता येतं. गाण्याचा प्रत्येक नमुना ही एक लहानशी टाळी मानायची आणि तिचे सगळे प्रतिध्वनी एकावर एक रचायचे. याला कन्व्होल्यूशन म्हणतात. समुद्राच्या प्रतिध्वनींची शेपटी एक सेकंदाची धरली, तर प्रत्येक नमुन्याला ४८,००० गुणाकार, म्हणजे सेकंदाला दोनशे तीस कोटी. हे झालं एका जहाजाचं आणि एका हायड्रोफोनचं. हायड्रोफोन चौसष्ट असतील, तर चौदा हजार सातशे कोटींच्या वर. १९६५ साली कूली आणि ट्यूकी यांनी फूरिए रूपांतराची जी जलद रीत प्रसिद्ध केली, तिने हे ओझं कित्येक पटींनी उतरतं. पण त्या रीतीला मोठा तुकडा एकदम हवा असतो, आणि मोठा तुकडा जमेपर्यंत थांबलं की उशीर होतो. यावर विल्यम गार्डनर यांनी १९९५ मध्ये सुचवलेला उपाय फार देखणा आहे. प्रतिध्वनीच्या शेपटीचे असमान भाग करायचे. सुरुवातीचे अगदी लहान, पुढचे मोठे होत जाणारे. लवकर लागणारं लवकर मोजून होतं आणि उशिरा लागणाऱ्याला मोजायला सवड मिळते.

पण गोलघुमटाच्या भिंती हलत नाहीत. समुद्राचा वरचा पृष्ठभाग सतत हलतो, जहाज हलतं, पाणबुडी हलते. त्यामुळे रेकॉर्ड केलेली टाळी पुढच्या क्षणी शिळी होते. म्हणून पाणबुडीच्या नकलेत प्रत्येक वाट वेगळी धरावी लागते. तिला किती उशीर, किती क्षीणता, कोणता फिल्टर. पाण्याखालच्या वाटा शोधण्याचं जड गणित सावकाश, सेकंदा-दोन सेकंदांतून एकदा करायचं. मधल्या काळात दर दहा मिलिसेकंदांना आधीच्या आणि पुढच्या उत्तरांमध्ये हळुवार सरकत राहायचं. दोन वेगांच्या या जुळणीतच अशा प्रणालीचं खरं कौशल्य आहे, असं मी मानतो.

हे हळुवारपण का लागतं? उशीर एका झटक्यात बदलला, की आवाजात ‘टक्‌’ असा बारीक खटका येतो. सोनारवर बसलेल्या माणसाला खटक्याचा अर्थ शिकवलेला असतो. पाणबुडीत काहीतरी पडलं, झडप उघडली, टॉर्पेडोच्या नळीचं दार हललं. गणिताने चुकून केलेला खटका त्याच्यासाठी शत्रूची हालचाल ठरतो. तो सावध होतो, निर्णय घेतो, आणि चुकीचं काहीतरी पक्कं शिकून जातो.

दुसरी जागा अशीच नाजूक आहे. पंचवीस सेंटिमीटर अंतरावरचे दोन हायड्रोफोन घ्या. आवाज कोणत्या दिशेने आला, हे तो दोघांकडे किती फरकाने पोचला यावरून कळतं. ४८,००० नमुन्यांच्या हिशेबात एका नमुन्याच्या वेळात आवाज पाण्यात तीन सेंटिमीटरच्या थोडा वर सरकतो. उशीर पूर्ण नमुन्यांतच मोजायचा ठरवला, तर समोरच्या दिशेला ही जोडी सात-सात अंशांच्या पायऱ्यांनीच दिशा सांगेल. पाणबुडी सावकाश सरकत असताना ती पडद्यावर उड्या मारताना दिसेल. म्हणून नमुन्याच्या अंशाइतका उशीर द्यावा लागतो, दोन नमुन्यांच्या मधला आवाज गणिताने भरून काढावा लागतो. तेच डॉप्लर परिणामाचं, म्हणजे हालचालीमुळे स्वर बदलण्याचं. रडारला जहाजाचा वेग प्रकाशाच्या तुलनेत नगण्य असतो. सोनारला तसं नाही. सेकंदाला दहा मीटरने जवळ येणाऱ्या जहाजावरून परतलेली एक सेकंदाची पिंग (सोनारने सोडलेला आवाज) सुमारे ६४० नमुन्यांनी आखडते. नुसता स्वर थोडा चढवून भागत नाही, सगळा आवाज काळात दाबावा लागतो.

आता राहिला गोंगाट. समुद्र कधीच शांत नसतो. १९६२ साली गॉर्डन वेन्झ यांनी कमी वारंवारतेला दूरच्या जहाजांचा, त्यावर वाऱ्याचा आणि लाटांचा, आणखी वर पावसाचा असे समुद्राच्या आवाजाचे आलेख मांडले. ते आजही वापरतात. पण आपल्यासारख्या उष्ण, उथळ किनाऱ्यांवर एक निराळाच वाद्यवृंद आहे. नांगीचा फटका मारणारी बोटभर कोळंबी. २००० साली मिशेल फर्स्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की तो आवाज नांग्या आपटल्याचा नसतो. नांगी इतक्या वेगाने मिटते, की पाण्याची एक चिळकांडी उडते आणि तिच्यामागचा बुडबुडा फुटतो. त्याचा तो कडाका असतो. असे लाखो कडाके मिळून उकळत्या तेलासारखा तडतडाट होतो. गणितात नेहमी वापरतात तो घंटेच्या आकाराचा गोंगाट इथे लागू पडत नाही, कारण या तडतडाटात मधूनच फार मोठे कडाके येतात. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातले मंदार चित्रे आणि त्यांचे सहकारी यांनी या गोंगाटाचं नेमकं गणित बसवलं. तेच गृहीत धरून सिग्नल ओळखणारी रीत बनवली, तर ती पाठ्यपुस्तकातल्या रीतीपेक्षा किती सरस ठरते, हेही त्यांनी दाखवलं. उत्तर अटलांटिकच्या गार पाण्यावर बेतलेला गोंगाट सिंगापूरला किंवा मालवणला आणून चालत नाही, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

गोंगाटाच्या बाबतीत एक मोह टाळला पाहिजे. अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग घ्यायचं आणि तेच पुन्हा पुन्हा वाजवत राहायचं. हे सोपं पडतं आणि ऐकायला अगदी खरं वाटतं. पण माणसाचा कान विलक्षण आहे. थोड्याच वेळात तो फेरा ओळखतो आणि त्यात जे नवं येईल ते पाणबुडीचं असणार, हेही त्याला न शिकवता कळतं. मग तो विद्यार्थी समुद्र न शिकता सिम्युलेटर शिकतो. परीक्षेत उत्तम गुण मिळवतो आणि समुद्रावर गेल्यावर चाचपडतो. प्रशिक्षणाची मोठी हानी इथे होते, आणि ती आकड्यांत दिसत नाही.

काय ठेवायचं नि काय गाळायचं, याबद्दलचा माझा कौल आता सांगतो. फ्रेड टॅपर्ट यांनी १९७० च्या दशकात आणलेली पॅराबोलिक समीकरणाची रीत सुंदर आहे. लहरीचं वाकणं, पसरणं, सावलीच्या कडेने झिरपणं, सगळं त्यात येतं. पण अनेक स्वरांसाठी, अनेक दिशांना, दर क्षणी ती चालवणं जड जातं. किरणांची रीत, विशेषतः मायकेल पोर्टर यांच्या ‘बेलहॉप’सारखी, झटपट उत्तर देते. मात्र पन्नास-शंभर हर्ट्‌झचा आवाज पन्नास मीटर उथळ पाण्यात किरणांनी वागवला, तर उत्तर धादांत चुकतं, कारण तरंगलांबी आणि पाण्याची खोली तिथे तुल्यबळ होतात. आपला पश्चिम किनारा रुंद आणि उथळ आहे, मुंबईसमोर तर विशेष रुंद. म्हणून आपल्याकडे खालच्या स्वरांना एक रीत आणि वरच्या स्वरांना दुसरी, अशी जोडीच चालवायला हवी. बाकी बाबतीत मी दिशा, डॉप्लर आणि पृष्ठभागाची हालचाल यांना अचूकतेतला मोठा वाटा देईन. किरणाची तिसरी-चौथी उडी थोडी ढोबळ झाली तरी चालेल.

तळाचं काय, हा प्रश्न मात्र कोणत्याही रीतीने सुटत नाही. वाळू आवाज परत पाठवते, मऊ गाळ तो गिळतो. तळाचे आकडे मोजमापानेच मिळतात. नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेने ‘वॉटरमार्क’ नावाचा एक संच सगळ्या जगाला खुला केला आहे. वेगवेगळ्या ठिकाणी समुद्रात सिग्नल पाठवून, तिथला समुद्र क्षणाक्षणाला त्यांचं काय करतो, हे त्यांनी टिपून ठेवलं. पाण्याखाली आवाजाने संदेश पाठवणारा नवा मोडेम बनवणारा कुणीही आपला सिग्नल संगणकावर त्या पाण्यातून काढून तपासू शकतो. आज जगभरचे विद्यार्थी नॉर्वेच्या खाडीत आपले मोडेम तपासतात. आपल्या खाड्या त्या यादीत नाहीत.

आपल्याकडे काम नाही असं नाही. कोचीच्या एनपीओएलकडे सागरध्वनी हे खास संशोधन जहाज आहे. केरळमधल्या इडुक्कीच्या जलाशयात, कुलमावू इथे, सोनारच्या चाचण्यांसाठी पाण्यात खाली सोडता येणारं एक तरतं व्यासपीठ २०२४ मध्ये सुरू झालं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने झुआरीच्या मुखाशी आणि ग्रँडे बेटाजवळ पाण्याखालचे आवाज टिपले. त्यात टेरापॉन जातीच्या माशांचा संध्याकाळनंतर चढत जाणारा सामुदायिक आवाजही मिळाला. पण नौदलाची मोजमापं नौदलाकडे राहतात, आणि ती तशीच राहायला हवीत. जयगड, दाभोळ, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला या पट्ट्यातल्या किनारी पाण्याचा खुला, सर्वांना वापरता येणारा आवाजांचा संग्रह उभा करणं, हे विद्यापीठांचं आणि महाविद्यालयांचं काम आहे.

त्याला लागणारं साहित्य आवाक्यातलं आहे. एक हायड्रोफोन, रेकॉर्डर, खोलीप्रमाणे तापमान मोजणारं साधन, आणि एक मासेमारीची होडी. होडीवाल्याकडून तळ कुठे वाळूचा, कुठे गाळाचा, कुठे खडकाचा हे नीट लिहून घ्यावं. जाळं टाकणाऱ्याला ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं. प्रत्येक रेकॉर्डिंगबरोबर तारीख, वेळ, जागा, भरती की ओहोटी, वारा, पाऊस आणि जवळून गेलेली होडी यांची नोंद हवी. नोंदीवाचून रेकॉर्डिंग निरुपयोगी असतं. बंदर खात्याची, महाराष्ट्र सागरी मंडळाची आणि जिथे लागेल तिथे नौदलाची परवानगी रीतसर घ्यावी. सागरी सुरक्षेच्या जागा पूर्णपणे टाळाव्यात.

कोकणातल्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स आणि मत्स्यशास्त्र शिकवणारे अध्यापक आज या सभागृहात आहेत, म्हणून त्यांना उद्देशून मी ही विनंती करतो. तापलेल्या पाण्याचा मे आणि पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर, या दोन महिन्यांपासून सुरुवात करा. एकाच जागी, एकाच खोलीवर, दर वर्षी तेच दोन महिने रेकॉर्डिंग करा आणि ते सगळ्यांना खुलं ठेवा. या कामासाठी सिग्नलचं गणित, प्रोग्रॅम किंवा उपकरणांची निवड यांत कुणाला मदत लागली, तर मी आणि माझे सहकारी ती विनामूल्य करू. व्याख्यानमालेच्या कार्यालयात आपला पत्ता देऊन जा.